उजेड किती, बटणं किती?

बारामती–इंदापूर रस्त्यावरचं निमगाव केतकी बाहेरच्यांना मुख्यतः दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं : खाऊच्या पानांचे मळे आणि आषाढी वारीत इथे मुक्कामाला येणारी संत तुकाराम महाराजांची पालखी. अशा मोठ्या गावांमधून आता एका खोलीची ऑफिसंही दिसतात. कुणी करसल्लागार, कुणी विमा प्रतिनिधी, कुणी ऑनलाइन अर्ज भरून देणारा, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा. टेबल, खुर्ची, इंटरनेट यांची निवड चार ठिकाणी विचारून होते. उजेडाचं मात्र ‘वायरमन बघेल’ यावर भागतं.

पुढच्या संवादातली दोघं कल्पित आहेत, वाद मात्र घरोघरचा आहे. भाची जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. घराच्या माडीवर तिच्या ऑफिससाठी दहा बाय बाराची खोली उभी राहते आहे. मामा जुने वायरमन. भिंतींना अजून प्लास्टर झालेलं नाही, म्हणजे भांडायचं तर आत्ताच.

मामा : आढ्यालगत दोन एलईडी ट्यूब, समोरासमोरच्या भिंतींवर. दाराशी एक बटण. दाबलं की खोली लख्ख. संपला विषय.

भाची : विषय तिथेच सुरू होतो, मामा. मला वरून दिवाच नकोय. टेबलावर एक चांगला दिवा, मागच्या भिंतीला मंद पिवळी पट्टी, बाकी खोली शांत. दिवसभर आकडे बघून डोकं भणभणतं, त्यात वरून झगमगाट कशाला?

मामा : तू ऑफिस काढतेयस की हॉटेल? डाळिंबवाला बागाईतदार बिलांची पिशवी घेऊन येणार, तुझ्यासमोर बसणार, तू म्हणणार इथे सही करा. त्या बिचाऱ्याला ‘इथे’ म्हणजे कुठे ते दिसायला नको? आणि जास्त उजेडानं कुणाचे डोळे गेलेले मी तरी पाहिले नाहीत. आमच्या लहानपणी कंदिलाची काच पुसायची पाळी असायची. उजेड म्हणजे काय चीज आहे ते आम्हाला विचार.

भाची : मान्य. पण ‘लख्ख’ हे काही माप नाही. ऑफिससाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आय. एस. ३६४६. त्यात साध्या ऑफिसला आणि कॉम्प्युटरच्या टेबलाला ३०० ते ७५० लक्स सांगितलेत, मधला आकडा ५००. युरोपातही लिहिण्या-वाचण्याच्या टेबलाला ५००च धरतात. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर किती उजेड पडतो तो आकडा.

मामा : मग माझ्या दोन ट्यूबमध्ये बसतंय ना ते?

भाची : नाही ना! हिशेब करा. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. टेबलाच्या उंचीवर सगळ्या खोलीत ३०० लक्स हवे असतील तर ३,३०० ल्युमेन तिथवर पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेला उजेड सगळा टेबलावर उतरत नाही. भिंती खातात, फिटिंग खातं, रस्त्याची धूळ खाते. निम्मा गेला असं धरलं तर दिव्यांतून ६,६०० निघायला हवेत. तुमची २० वॅटची ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते. दोन ट्यूबचे ४,०००. म्हणजे तुमचं लख्ख १८० लक्सच्या आसपास थांबतं.

मामा : असं? मग तीन लावू. हाय काय अन् नाय काय!

भाची : तीन लावा, चार लावा, पण तो उजेड जातो कुठे? कपाटाच्या माथ्यावर, दाराच्या मागे, मी कधी उभीही राहणार नाही त्या कोपऱ्यात. माझं काम तीन बाय दोन फुटांत चालतं. ९ वॅटचा साधा बल्ब ८०० ल्युमेनच्या घरात असतो. त्याला टोपी घालून दीड-दोन फुटांवरून टेबलावर सोडला, तर कागदावर ५०० लक्स सहज मिळतात. अशा एकट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. जवळचा छोटा दिवा लांबच्या मोठ्याला भारी पडतो, तो याच हिशेबानं.

मामा : हिशेबात तू हुशार, पण खोलीत बसायचंय, वहीत नाही. असं बघ, अंधाऱ्या खोलीत एकच दिवा, तोही टेबलावर. कागद पांढराफेक, स्क्रीन लख्ख, आणि नजर जरा वर केली की काळोख. दर मिनिटाला डोळ्याची बाहुली लहान-मोठी होणार. रात्री अंधारात टीव्ही बघून डोळे चुरचुरतात की नाही? तेच तू दहा तास करणार, तेही फी घेऊन.

भाची : हा मुद्दा मला खोडता येत नाही. स्क्रीन आणि तिच्यामागची भिंत यांत फार फरक नसावा, असं मीही वाचलंय. मला वाटलं होतं पिवळी पट्टी तेवढं काम करेल.

मामा : तुझी ती पट्टी तुझ्या पाठीमागे. फोटोत छान दिसेल, तुझ्या डोळ्यांना तिचा काय उपयोग? लावायचीच तर स्क्रीनच्या मागच्या भिंतीला लाव, उजेड भिंतीवर पडू दे आणि भिंतीवरून तुझ्याकडे येऊ दे. आणि भिंती पांढऱ्या ठेव. पांढरा रंग निम्म्याहून कितीतरी जास्त उजेड परत देतो. तू तो गडद हिरवा म्हणत होतीस ना, तो सगळा पिऊन टाकतो. मग तुझे ते ६,६०० पण पुरायचे नाहीत.

भाची : रंग पांढरा, कबूल. पण वरच्या ट्यूबचं एक दुखणं सांगते. पहिल्या ऑफिसात माझी खुर्ची अशी होती की ट्यूब बरोब्बर पाठीमागे. वर ट्यूब जळतेय आणि खाली वहीवर माझ्याच डोक्याची सावली. शिवाय ती ट्यूब स्क्रीनमध्ये अख्खी दिसायची, आकड्यांवर एक पांढरी रेघ. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतात तो मी पगार घेऊन अनुभवलाय.

मामा : तो दोष ट्यूबचा नाही, आधी ट्यूब लावून मग टेबल सरकवणाऱ्याचा. टेबल कुठे बसणार ते आधी सांग, मग मी पॉइंट काढतो. लोक उलटं करतात. घर होतं, रंग होतो, मग टेबल येतं आणि मग वायरमनला शिव्या बसतात.

भाची : टेबल खिडकीला तोंड करून ठेवणार. समोर उसाची हिरवळ.

मामा : पहिल्या आठवड्यातच पडदा ओढून बसशील. बाहेर भर उन्हात किती असतात तुझे ते लक्स?

भाची : लाखाच्या आसपास.

मामा : आणि तुला टेबलावर हवेत ५००. एवढा झोत डोळ्यासमोर, आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या स्क्रीनवर तू बारीक अक्षरं वाचणार! खिडकी पाठीमागे घेतलीस तर ती अख्खी स्क्रीनमध्ये उतरते. खिडकी बाजूलाच हवी. उजव्या हातानं लिहितेस, म्हणून डाव्या बाजूला. हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. तुझ्या आजीनं सांगितलंय, ऑफिसात पूर्वेकडे तोंड करून बसायचं. या खोलीला खिडकी उत्तरेची. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते. बघ, आजीचं वास्तुशास्त्र आणि माझं वायरमनशास्त्र एकाच खुर्चीवर येऊन बसलं.

भाची : आजीला आनंद होईल. उत्तरेचा उजेड चित्रकारही पसंत करतात, कारण थेट ऊन येत नाही. पण ती गोष्ट लांबच्या उत्तरेकडच्या देशांची. आपण १८ अंश अक्षांशावर. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यच आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दुपारी तो इतका माथ्यावर असतो की छज्जा त्याला अडवतो, पण जूनच्या शेवटी सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून उगवतो. सकाळचं तिरपं ऊन तेव्हा या खिडकीतून आत येणार, तेही माझ्या समोरच्या बाजूनं. आणि इन्कम टॅक्सच्या रिटर्नची घाई असते जुलैतच.

मामा : म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने, सकाळी. त्याला बाहेरून चिकाची चटई लाव किंवा पातळ पांढरा पडदा. पडदा ऊन थांबवत नाही, फोडतो. पानमळ्यात बघितलंयस ना? वेलाला शेवरी-शेवग्याचा आधार नुसता चढायला नसतो, त्या झाडांतून ऊन चाळून खाली येतं म्हणून पान कोवळं राहतं. उघड्या उन्हात पान करपतं, दाट सावलीत वेल नुसताच वाढत सुटतो. डोळ्याचंही तसंच समज.

भाची : हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, मामा. चाळलेला उजेड हवा, हेच तर मी म्हणतेय. तुमची उघडी ट्यूब म्हणजे उघडं ऊन.

मामा : बरं, ट्यूबवर दुधी कव्हर बसवू. पण रंगाचं काय? पिवळा मी लावणार नाही. पिवळ्या उजेडात ऑफिस म्हणजे मेणबत्ती लावून बसल्यासारखं. गावात मी इतकी वर्षं बल्ब विकले, गिऱ्हाईक ‘पांढरा द्या’ म्हणतं, ६५००चा.

भाची : ६५००चा, म्हणजे ६५०० केल्विनचा, पांढरा नाही, निळसर आहे. जुना पिवळा बल्ब २७००चा. मला ३००० हवाय.

मामा : तुझ्याकडे जीएसटीची बिलं येतात. गुलाबी कॉपी, पिवळी कॉपी, कार्बनचं पुसट निळं अक्षर. पिवळ्या उजेडात पिवळ्या कागदावर काय दिसणार? पेट्रोल पंपाच्या पावत्या तर आधीच उडालेल्या असतात.

भाची : त्या पावत्या उष्णतेनं उमटवतात आणि ऊन, उष्णता लागली की फिकट होतात. म्हणून तर त्यांचा आधी फोटो काढून ठेवायचा आणि खिडकीजवळ ठेवायच्या नाहीत. रंगांचं म्हणाल, तर नुसतं पांढरा-पिवळा बघून भागत नाही. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे गुण, १०० पैकी. ८० च्या खालचा घ्यायचा नाही, ९० चा मिळाला तर उत्तम. आणि एक विचारू? तुम्हाला ६५०० सुखाचा वाटतो, त्यात तुमच्या वयाचा भाग असेल का?

मामा : आता वयावर आलीस!

भाची : रागावू नका. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण तिसराच हिस्सा उजेड पोचतो, त्यातही निळा जास्त अडतो. म्हणजे मी जिथे डोळे मिचकावते तिथे तुम्हाला जेमतेम दिसतं.

मामा : खरं आहे. आमच्या आळीत एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर घरी येऊन म्हणतो, धोतर निळसर का दिसतंय? मग हे तूच लक्षात ठेव. तुझ्याकडे येणारे निम्मे लोक माझ्या वयाचे. तू तुझ्या डोळ्यांना मापून दिवा लावणार आणि सही त्यांच्याकडून घेणार. म्हणून समोरच्या खुर्चीवर उजेड पाहिजेच.

भाची : हे माझ्या हिशेबात नव्हतं. समोरच्या खुर्चीसाठी वेगळा दिवा हवा. पण रात्रीचं ऐका. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी दिवस-रात्र ओळखतात, साधारण २००२ मध्ये त्या शास्त्रज्ञांनी शोधल्या. त्यांना निळसर उजेडानं जास्त जाग येते. महिन्याच्या विसाव्या तारखेच्या, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या, आदल्या रात्री मी अकरापर्यंत बसणार. तेव्हा तुमचा ६५०० डोक्यावर असेल तर घरी गेल्यावर झोप कुठून येणार?

मामा : जिन्यावरून खाली घर! आणि काम करायचंय म्हणजे जागं राहायचंच आहे ना?

भाची : अकराला काम संपतं, बाराला झोपायचं असतं. आणि पहिल्या पावसात ट्यूबवर वाळवीची पाखरं किती येतात ते तुम्हीच सांगा.

मामा : ते मात्र खरं. पांढऱ्यावर झुंबड उडते, पिवळ्यावर कमी येतात. सकाळी सुपानं पंख भरावे लागतात.

भाची : अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. १९२४ पासून तिथे उजेड वाढवून काम वाढतं का ते बघितलं. उजेड वाढवला, काम वाढलं. कमी केला, तरी काम टिकलं. एकदा तर चांदण्याइतक्या उजेडावर आणून ठेवला, तरी बायका काम करतच होत्या.

मामा : म्हणजे उजेडापेक्षा मुकादम महत्त्वाचा! कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस अंधारातही राबतो.

भाची : त्या प्रयोगाबद्दल पुढे पुष्कळ शंका काढल्या गेल्या. मी त्यातून एवढंच घेते की माणूस वाईट उजेडात निमूटपणे काम करत राहतो, आणि मग संध्याकाळी कपाळ का दुखतं ते त्याला कळत नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या एका ऑफिसात चोकच्या साध्या ट्यूब आणि न लुकलुकणाऱ्या ट्यूब यांची तुलना केली, आणि न लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली. आपल्याकडे ५० हर्ट्झची लाईट, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त व्हायची. डोळ्याला दिसत नाही, पण मेंदूला जाणवतं.

मामा : एलईडीत तो प्रकार नाही.

भाची : स्वस्तातल्या एलईडीत आहे. मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत द्या.

मामा : हे मला माहीत नव्हतं. दुकानात करून बघायला पाहिजे. पण तू महागाचे परदेशी दिवे आणायला सांगू नकोस. ‘उजाला’ योजना २०१५ ला आली, तेव्हापासून सगळा बाजारच बदलला. सरकारला बल्ब ३१० रुपयांना पडायचा, तो पुढच्या दोन वर्षांत ३८ ला पडायला लागला. लोकांची समजूत झाली की एलईडी म्हणजे सगळे सारखेच. सारखे नसतात. आमच्याकडे संध्याकाळी एका डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या की जुने बल्ब मंद व्हायचे. चांगल्या एलईडीत आता तसं होत नाही. पण लाईट गेली आणि एकदम आली की त्या झटक्यानं हलक्या बल्बचं आतलं सर्किट जातं. वॉरंटीची चिठ्ठी बघून घे, वॅट बघून नको.

भाची : आणि टेबलाच्या दिव्याला कमी-जास्त करायचं बटण हवं.

मामा : मग दिवाच तसला घे. साध्या एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर जोडून मागणारे महाभाग मी बघितलेत. एक तर तो गुणगुणतो, नाही तर लुकलुकायला लागतो. बरं, वीजबिलाची काळजी तुला आहे का?

भाची : ३० वॅट, दहा तास, महिन्याचे २६ दिवस. आठ युनिटसुद्धा होत नाहीत. बिलाचं कारण सांगून उजेड कमी करण्यात अर्थ नाही, आणि वाढवण्यातही फार तोटा नाही.

मामा : बिलाचा नाही, पण इन्व्हर्टरचा विचार कर. लाईट गेल्यावर बॅटरी लॅपटॉपला, इंटरनेटच्या डब्याला आणि दिव्यांना पुरायची. तिन्ही ट्यूब एकाच बटणावर असतील तर त्या सगळ्या बॅटरीवर जळणार. म्हणून मी आता एक बटण म्हणत नाही. चार पॉइंट काढतो.

भाची : सांगा.

मामा : एक : आढ्याला दुधी कव्हरचा दिवा, टेबलाच्या वर नाही, टेबल आणि समोरच्या खुर्चीच्या मध्ये. पाहुणा आला की लावायचा. दोन : तुझ्या समोरच्या भिंतीला, स्क्रीनच्या मागे, उजेड भिंतीवर पडेल असा. तीन : टेबलाशी डाव्या हाताला प्लग, तुझ्या त्या टोपीवाल्या दिव्यासाठी. चार : कपाटापाशी एक, फायली काढायला. चारही वेगळ्या बटणांवर. दोन आणि तीन इन्व्हर्टरवर, बाकी सरळ लाईनवर.

भाची : मला चार वेगळी बटणं हवी होती ती दिवसाच्या वेळेसाठी. सकाळी खिडकी, दुपारी ढग आले तर आढ्याचा दिवा, रात्री भिंतीचा आणि टेबलाचा.

मामा : तुझं कारण डोळ्याचं, माझं बॅटरीचं. वायर तीच, पाइप तोच. भिंतीला झिरी एकदाच मारायची असते. प्लास्टर झाल्यावर एक पॉइंट वाढवायचा म्हणजे भिंत फोडणं, धूळ, पुन्हा रंग. आज दोन पाइप जास्त गेले तर खर्च किरकोळ, उद्या तोच दसपट.

भाची : म्हणजे दिवा कुठला ते आपण ठरवतच नाही आहोत.

मामा : दिवा ठरवायचाच नसतो गं. डोळे बदलतात, काम बदलतं, तू उद्या टेबल सरकवशील. दिवा पाच मिनिटांत बदलता येतो, भिंतीतली वायर नाही. म्हणून होल्डर साधे लाव, बाजारातला कुठलाही बल्ब बसेल असे. अंगात एलईडी घातलेली फिटिंग घेतलीस तर ती गेली की सगळंच फेकावं लागतं.

भाची : मग टेबलाला ३०००, आढ्याला ४०००. दोघांचं राहिलं.

मामा : आढ्याला ६५००. समोरची खुर्ची माझ्या वयाच्या माणसाची आहे, हे तूच कबूल केलंस.

भाची : ती खुर्ची त्यांची, पण खोली माझी.

मामा : मग दोन्ही बल्ब आणतो. महिनाभर तुझा लाव, महिनाभर माझा, आणि रिटर्न भरायला आलेल्या म्हाताऱ्यांनाच विचार सही कशात नीट जमते. ते माझ्या बाजूनं बोलले तर पुढच्या वर्षीचं माझं रिटर्न फुकट.

भाची : आणि माझ्या बाजूनं बोलले तर या वायरिंगची मजुरी फुकट. मान्य?

मामा : मान्य. पण बोर्डात दोन जागा रिकाम्या सोडतोय. तुझं मन मी ओळखतो, दिवाळीपर्यंत पाचवा दिवा मागशील.